गडचांदूरचं चुन्याचं पाणी आणि घोडबंदरचा पांढरा थर: गीझर, डाळ, केस, सॉफ्टनर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. माहेर गडचांदूरला, तिथे पहिल्यापासून बोअरचं पाणी, साबणाला फेस नाही, भांड्यांवर पांढरी पुटं, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी कणीदारच. लग्न होऊन ठाण्यात आलात तर पाणी एकदम मऊ, बरं वाटलं. आता ओवळ्याला नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्यावर परत तोच पांढरा थर, दोन वर्षांत गीझरची कॉइल दोनदा गेली, केस राठ झालेत, आणि एक सेल्समन घरी येऊन नळाच्या पाण्यात दोन सळया बुडवून ते तपकिरी करून दाखवून गेलाय आणि सॉफ्टनर (पाण्यातला चुना काढणारं मशीन) प्लस आरओचं (जवळजवळ सगळेच क्षार गाळणाऱ्या फिल्टरचं) पॅकेज घ्या म्हणून रोज फोन करतोय. वर बाबांना बीपी आहे, मुतखडा होऊन गेलाय, त्यांना गडचांदूरला काय बसवून द्यायचं हेही विचारलंत. आणि मुख्य म्हणजे ठाण्यात तर चुनखडी नाही, मग हे पाणी जड, म्हणजे चुन्या-क्षारांचं, कसं काय.

मी ठाणे ते पनवेल या पट्ट्यात गीझर, सॉफ्टनर आणि सोसायट्यांच्या वॉटर ट्रीटमेंटची कामं करतो, हेच माझं पोटापाण्याचं, त्यामुळे मशीन विकून माझाही फायदाच होतो हे आधी सांगतो आणि तरीही म्हणतो की ते पॅकेज आत्ता घेऊ नका. तुमच्या दोन्ही घरांतला थर दिसायला सारखा असला तरी पाणी वेगळं आहे, आणि पाणी वेगळं म्हटल्यावर इलाज वेगळा, काही ठिकाणी तर काही विकत घ्यायची गरजच नसते. आधी पाणी मोजायचं, मग पैसे काढायचे. लोक नेमकं उलटं करतात.

गडचांदूरचं सोपं आहे. कोरपना, राजुरा, तिकडे यवतमाळमधलं वणी, हा सगळा चुनखडीचा पट्टा, सिमेंटचे कारखाने तिथे उगाच नाही उभे राहिले. पावसाचं पाणी मातीतून खाली मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं, त्यामुळे ते जरासं आम्ल होतं, आणि असं पाणी चुनखडीतून वर्षानुवर्षं फिरलं की दगड विरघळवून घेतं. विरघळलेला चुना दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. पण ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना परत दगड होऊन भांड्याला चिकटतो. गंमत म्हणजे साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, हा चुना उलटा, पाणी जितकं गरम तितका कमी विरघळतो, म्हणून थर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जाड तिथेच बसतो जिथे आच लागते, म्हणजे कॉइल, पातेल्याचा तळ, किटली. पाण्याच्या जडपणाला हार्डनेस म्हणतात, आणि हा झाला टेम्पररी हार्डनेस, उकळून निघून जाणारा. तिकडच्या बोअरला हार्डनेस चारशे-पाचशे पीपीएम (म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम) निघणं काही नवल नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं जे स्टँडर्ड आहे, आयएस १०५००, त्यात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं दिलंय.

आता ठाणे. इथे खाली चुनखडी नाही, काळा कातळ आहे, बेसॉल्ट. आणि नळाला जे पाणी येतं ते मुळात जमिनीखालचं नाहीच, धरणाचं आहे. नवी मुंबई महापालिकेचं खालापूरजवळचं मोरबे, ठाण्याला भातसा, उल्हास नदी, एमआयडीसीचं बारवी, उलव्याकडे हेटवणे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस चार महिन्यांत वाहून धरणात आला, कातळाशी त्याची जेमतेम तोंडओळख झाली, म्हणून ते मऊ, हार्डनेस साधारण शंभराच्या खालीच मिळतो. लग्नानंतर तुम्हाला जे मऊ लागलं ते हेच पाणी.

मग ओवळ्याला थर कुठून? बोअर आणि टँकर. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे, तसंच खारघर, तळोजा, उलवे, जिथे जिथे बिल्डिंगी आधी आल्या आणि पाणी मागून, तिथे सोसायट्या बोअर मारतात आणि उन्हाळ्यात टँकर घेतात. टँकरवाला कुठल्या विहिरीतून भरून आणतो ते तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. कातळाखालचं पाणीही जड असतं बरं का, चुनखडीइतकं नाही पण असतं, कारण बेसॉल्टमध्येही कॅल्शियम-मॅग्नेशियमची खनिजं आहेत आणि त्याच्या पोकळ्यांमध्ये चुन्याचे स्फटिक सापडतात.

आणि आपल्याकडे अजून एक भानगड आहे जी गडचांदूरला नाही, ती म्हणजे खाडी. समुद्राच्या पाण्याचा हार्डनेस सहा हजार पीपीएमच्या वर असतो, त्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम कितीतरी जास्त. आता हिशोब करा, बोअरमध्ये नुसतं पाच टक्के खाडीचं पाणी शिरलं तरी तीनशे पीपीएमची भर. कोलशेत, बाळकुम, कोपरी, ऐरोली, वाशी, बेलापूर, खाडीच्या अंगाला बोअर असेल तर हे डोक्यात ठेवायचं. हा हार्डनेस उकळून जात नाही, याला पर्मनंट म्हणतात, आणि याच्याबरोबर मिठातलं क्लोराइड येतं ते नळ, पाइप, गीझरची टाकी कुरतडतं. अशा पाण्यावर नुसता सॉफ्टनरही नीट चालत नाही, पाण्यात आधीच इतका सोडियम असतो की त्यातलं रेझिन, म्हणजे चुना धरणारे मणी, नीट काम करत नाही.

तुमच्याकडे मिसळ नक्की कुठे होतेय ते पैसे न घालता बघता येतं. टॉयलेटच्या फ्लश टँकचं झाकण काढून आत बघा, मग किचनच्या नळाची जाळी खोलून बघा. बऱ्याच टॉवरमध्ये फ्लशची लाइन वेगळी असते आणि बोअर फक्त तिला जोडलेला असतो. फ्लशमध्ये पांढरं पुट आणि किचनची जाळी स्वच्छ असेल तर प्लंबिंग बरोबर आहे. दोन्हीकडे थर असेल तर बोअर खालच्या अंडरग्राउंड टाकीत सोडताहेत, मग कमिटी काहीही म्हणो. तुमच्या बाबतीत मला हीच शंका जास्त येते कारण टँकरचा सीझन एप्रिल-मे आणि तेव्हा ठाण्याच्या उकाड्यात गीझर लावतंय कोण, नुसत्या उन्हाळ्याच्या टँकरने दोन वर्षांत दोन कॉइल जात नाहीत, बाराही महिने जड पाणी येत असणार.

पण थांबा, कॉइल थरानेच गेली हे कशावरून? जुनी कॉइल फेकली नसेल तर ती बघा. वर जाड पांढरी-पिवळट साल, खरवडली की कपचे निघतात, तर थराने गेली. कॉइल जवळजवळ स्वच्छ आहे पण एका जागी फुटलीय किंवा काळीनिळी पडलीय तर ती बहुतेक कोरडी जळली, म्हणजे पाणी गेलेलं असताना गीझर चालू राहिला. टॉवरमध्ये पाणीकपातीच्या दिवसांत हे सर्रास होतं आणि बिल पाण्याच्या नावावर फाटतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तरी कॉइल जाते. तुमच्या टेक्निशियनने जुनी कॉइल दाखवली नसेल तर पुढच्या वेळी मागून घ्या, ती तुमची आहे.

आता टेस्टिंग. सेल्समनच्या खिशात जो पेनासारखा मीटर असतो तो टीडीएसचा. तो पाण्यातून वीज किती वाहते ते बघून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून एक अंदाज देतो, त्यातलं चुन्याचं किती आणि मिठाचं किती ते त्याला कळत नाही. टीडीएस ४०० असून हार्डनेस १०० असू शकतो आणि टीडीएस ४०० असून हार्डनेस ३०० पण असू शकतो, पहिल्या घरात गीझर दहा वर्षं चालेल, दुसऱ्यात रडवेल. हार्डनेससाठी थेंबांचं किट मिळतं, पाण्यात रंग टाकायचा आणि लाल जाऊन निळा येईपर्यंत थेंब मोजायचे, काही शेकड्यांत येतं, ॲक्वेरियमवाल्या दुकानातही मिळतं.

घरातल्या घरात करायचं असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत आरओचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच किस टाकून जोरात हलवा. साबण खरा साबण पाहिजे, डिटर्जंटची वडी किंवा लिक्विड नको, त्यांना जड पाण्यातही फेस येतो. एकीत फेस आणि दुसरीत दह्यासारखी साय-गुठळ्या आल्या तर पाणी जड. आणि पांढरा डाग नक्की कशाचा ते बघायला त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले की चुना. नुसत्या ओल्या फडक्याने गेला तर मीठ. दोन्हींनी नाही गेला, विशेषतः बाथरूमच्या काचेवर, तर सिलिका असू शकते, बोअरच्या पाण्यात ती असते, तिच्यापुढे व्हिनेगर-लिंबू काही चालत नाही, तिथे आंघोळीनंतर वायपर मारायची सवय हाच इलाज.

त्या सळयांच्या खेळाबद्दल बोलायलाच पाहिजे कारण सुशिक्षित माणसंही फसतात. एक सळई लोखंडाची असते, वीज दिली की ती गंजते आणि जो तपकिरी-हिरवा गाळ दिसतो तो त्या सळईचाच असतो, तुमच्या पाण्याचा नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज वाहत नाही, म्हणून ते पाणी स्वच्छ राहतं. परत आला तर आरओच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून त्याला सांगा, आता कर. बघा कसं तपकिरी होतं ते.

गीझरचं जरा सविस्तर सांगतो. कॉइलवर थर बसला की वीजबिल दुप्पट होतं वगैरे जे सांगतात ते स्टोरेज गीझरला फारसं लागू नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. खरा त्रास वेगळा. थरामुळे उष्णता पटकन बाहेर पडत नाही म्हणून कॉइल स्वतः आतून फार तापते आणि एक दिवस फुटते. त्याआधी गीझर बोलायला लागतो, तापताना आतून फुटाणे फुटल्यासारखा तडतड आवाज येतो, थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते त्याचा. आवाज ऐकला की टेक्निशियन बोलवा, कॉइल जायची वाट बघू नका. गॅस गीझरचं मात्र उलट आहे, तिथे थरामुळे जी उष्णता पाण्यात जात नाही ती धुराबरोबर बाहेर जाते, म्हणून तिथे गॅसचं बिल खरंच वाढतं. आणि गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावला असेल तर थराबिराचं नंतर बघू, आधी तो बाहेर काढा, त्या धुराने माणसं गेली आहेत.

थर्मोस्टॅट कितीवर आहे बघा. बरेच जण पूर्ण फिरवून ७५ वर ठेवतात आणि मग बादलीत अर्धं गार पाणी मिसळतात. साठच्या वर थर झपाट्याने बसतो. ५५ ते ६० वर आणा आणि आंघोळीआधी लावून नंतर बंद करा, दिवसभर चालू ठेवू नका. एवढ्याने कॉइलचं आयुष्य चांगलंच वाढतं आणि खर्च शून्य. दुसरं म्हणजे आतला मॅग्नेशियमचा रॉड, अॅनोड म्हणतात. तो स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही, खारट पाण्यात तो लवकर संपतो आणि तो संपल्याचं बाहेरून कळत नाही, थेट टाकी गळायला लागते तेव्हाच कळतं. तुमच्यासारख्या पाण्यात वर्षाला एकदा गीझर उघडून कॉइल साफ आणि रॉड चेक, महापालिकेच्या निव्वळ पाण्यावर दोन वर्षांनी केलं तरी चालतं. वर सोलर असेल तर सोसायटीला सांगा की मे महिन्याच्या दुपारी नळ्यांमध्ये पाणी कोणी वापरत नसताना फार तापतं, थराची खरी फॅक्टरी तिथे गच्चीवर असते.

थर काढायला आम्ही सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिड वापरतो, घरी किटलीला, शॉवरच्या जाळीला सायट्रिक म्हणजे लिंबूसत्त्व किंवा साधं व्हिनेगर पुरतं. जाळी खोलून अर्धा तास बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, झालं. क्रोमच्या नळावर व्हिनेगरचं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवू नका, पॉलिश जातं. बाथरूम धुवायचं कडक ॲसिड नळ, स्टील, गीझर कशालाच लावायचं नाही, आणि ते ब्लीचबरोबर कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू निघतो, दार बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

आणि हो, ठाण्यात चुनखडी नाही म्हणालात, ती तुमच्या पायाखाली आणि ओट्यावर असू शकते! कडप्पा, कोटा, शहाबादी फरशी, हे सगळे चुनखडीचेच दगड, संगमरवर त्यांचाच सख्खा भाऊ. नळाचा थर काढताना व्हिनेगर ओघळून कडप्प्यावर आलं तर ते दगडही तितक्याच आवडीने खातं, चकाकी जाऊन फिकट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही कारण तो डाग नसून खड्डा असतो. ग्रॅनाइटला चालतं. पुष्कळ घरांत ओट्याच्या कडेला लिंबू चिरायच्या जागी दगड खरबरीत झालेला असतो, तो यामुळेच.

स्वयंपाकघरात. डाळ न शिजण्याचं कारण म्हणजे दाण्याला धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं त्याला पाण्यातलं कॅल्शियम घट्ट बांधून टाकतं, म्हणून दाणा फुटत नाही. तुमची आई चिमूटभर सोडा घालत असेल, तो उपाय बरोबर आहे पण चिमूटच, जास्त झाला तर चव जाते आणि ब जीवनसत्त्वही जातं. चणे-राजमा भिजवताना पाण्यात मीठ घातलं तर फरक पडतो. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच. ओवळ्याला डाळ शिजत नसेल तर सगळा दोष पाण्याला देऊ नका, जुनी डाळ ठाण्याच्या दमट हवेत राहिली की तशीच निबर होते, एकदा तीच डाळ आरओच्या पाण्यात शिजवून बघा म्हणजे कोण चोर ते कळेल. कुकरच्या तळच्या पाण्यात लिंबाची फोड टाकतात ती पद्धत चांगली, भांडं काळं-पांढरं होत नाही. कोऱ्या चहावर जी तेलकट दिसणारी साय येते ती जड पाण्याचीच, लिंबू पिळलं की जाते. डिशवॉशर असेल तर त्याच्या पोटात छोटा सॉफ्टनर आधीच असतो, त्यात हार्डनेसचं सेटिंग करावं लागतं आणि त्याचंच मीठ घालावं लागतं, खायचं आयोडीनवालं नाही. बहुतेकांनी ते सेटिंग कधी उघडलेलंच नसतं.

केस. केस राठ होतात हे खरं, साबण आणि कॅल्शियम मिळून जो चिकट थर होतो तो केसांवर राहतो. पण जड पाण्याने केस गळून टक्कल पडतं याला धड पुरावा नाही. साबणाने केस धुवत असाल तर शाम्पूवर या, शेवटचा एक तांब्या आरओच्या किंवा उकळून गाळलेल्या पाण्याचा घ्या, महिनाभरात फरक कळतो का बघा. लहान मुलांच्या कोरड्या त्वचेसाठी म्हणूनही सॉफ्टनर विकतात. ब्रिटनमध्ये एक्झिमा (खाजरा त्वचारोग) असलेल्या मुलांच्या घरी खरोखर सॉफ्टनर बसवून नीट चाचणी झाली होती, २०११ मध्ये निकाल आला, नेहमीच्या उपचारांपेक्षा सॉफ्टनरने वेगळा फायदा दिसला नाही. कपड्यांचं मात्र खरं आहे, पांढरे कपडे करडे पडतात, टॉवेल खरखरीत होतात, पावडर जास्त लागते.

आता सॉफ्टनर. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. म्हणजे टीडीएस कमी होत नाही, सॉफ्टनर लावून टीडीएस उतरला असं कोणी मीटरने दाखवत असेल तर तो सॉफ्टनर नाहीये. २५ लिटर रेझिनचं मशीन धरा, ते एका वेळी साधारण सव्वा किलो हार्डनेस धरतं. तुमचं पाणी ३०० निघालं तर चार हजार लिटर झाले की धुवायची वेळ, माणशी १३५ लिटरने चार माणसांचं घर म्हणजे आठवड्याला एकदा, दर वेळी साधारण साडेतीन-चार किलो मीठ आणि शेदोनशे लिटर पाणी गटारात. आठवडाभर नळाला पाणी नाही म्हणून टँकर घेणाऱ्या सोसायटीत हे गणित मला पटत नाही. तेच पाणी मोजून १५० च्या खाली निघालं तर सॉफ्टनर विसरा, थर्मोस्टॅट आणि वर्षाची सर्व्हिस पुरे. १५० ते ३०० च्या मध्ये वॉशिंग मशीन आणि गीझरच्या इनलेटला फॉस्फेटच्या खड्यांचं छोटं फिल्टर लावतात, ते चुना काढत नाही, नुसता चिकटू देत नाही, पिण्याच्या लाइनवर मात्र नको. लोहचुंबकवाल्या पट्ट्या, पाइपला गुंडाळायची वायर, यांच्यावर मी स्वतः एक रुपया घालणार नाही. तीनशेच्या वर असेल तर प्रत्येक फ्लॅटने वेगवेगळं मशीन घेण्यापेक्षा सोसायटीने बोअरच्या लाइनलाच एक मोठा सॉफ्टनर लावावा, किंवा त्याहून सोपं, बोअर अंडरग्राउंड टाकीतून तोडून परत फ्लशला जोडावा. हे काम एका प्लंबरचं आहे, पण त्यासाठी जनरल बॉडीत भांडावं लागतं, तो भाग तुम्ही बघा.

आरओ फक्त पिण्याच्या पाण्याला आणि तोही टीडीएस पाचशेच्या वर असेल तर. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही पाचशेच्या खाली आरओ नको असंच म्हटलं होतं. मोरबे किंवा भातशाच्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी ओतून देणं, घरगुती आरओ एक लिटर द्यायला दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. तिथे जंतू मारणारा यूव्ही फिल्टर पुरतो. तुमच्याकडे मिसळलेलं पाणी आहे म्हणून आकडा बघून ठरवा, आणि उन्हाळ्यात परत एकदा मोजा, पावसाळ्यातला आकडा मे महिन्यात चालत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरू नका, आधीच जड पाणी त्यात अजून आटलेलं, लादीवर पांढरे फराटे येतात. फ्लशला वापरा.

बाबांचं. जड पाणी पिऊन मुतखडा होतो हे घरोघरी ऐकायला मिळतं, पण तसं सिद्ध झालेलं नाही, पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण, आणि चंद्रपूरच्या उन्हात तर विचारायलाच नको. जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्यासाठी म्हणून हार्डनेसला मर्यादा घातलेली नाही. खडा कशाचा होता आणि त्यांनी काय खावं-प्यावं ते त्यांचे डॉक्टरच सांगतील. पण बीपीवाल्या माणसाला सॉफ्टनरचं पाणी पिऊ देऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. ४०० हार्डनेसचं पाणी सॉफ्ट केलं की लिटरमागे जवळजवळ १८५ मिलिग्रॅम सोडियम वाढतो, तीन लिटर प्यायले की साडेपाचशे, आणि दिवसाची मर्यादाच २००० ची आहे. सॉफ्टनर बसवलाच तर किचनचा पिण्याचा नळ त्याच्या आधी काढून घ्यायचा. तुळशीला, बागेलाही सॉफ्ट पाणी घालू नये, झाडांना जड पाणी त्यापेक्षा बरं.

गडचांदूरला मला हार्डनेसपेक्षा फ्लोराइडची काळजी जास्त वाटते. चंद्रपूर-यवतमाळच्या काही भागांत बोअरला फ्लोराइड निघतं, दात आणि हाडं खराब होतात, त्याला चव नाही, थर नाही, साबणाला फेस मस्त येतो तरी ते असू शकतं. मर्यादा १ पीपीएम, फार तर दीड. सॉफ्टनर फ्लोराइड काढत नाही आणि उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. म्हणून तिथे आधी टेस्ट, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते, तिथे स्वच्छ बाटलीत लिटरभर नमुना द्यायचा. फ्लोराइड निघालं तर पिण्यापुरता आरओ तिथे योग्य आहे. नाही निघालं आणि नुसता चुना असेल तर पाणी उकळून, रात्रभर निवू देऊन वरचं वरचं ओतून घेतलं तरी बराचसा निघतो. मोठ्या प्रमाणावर तर चुना घालूनच चुना काढतात, म्हणजे चुन्याची निवळी घातली की विरघळलेला चुनाही तिच्याबरोबर खाली बसतो, क्लार्क नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने १८४१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, पण मात्रा मोजून घालावी लागते, घरी करायचा उद्योग नाही.

तर ओवळ्यासाठी एनएबीएलची (लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) मान्यता असलेल्या लॅबमध्ये किचनच्या नळाचं पाणी द्या आणि फक्त टोटल हार्डनेस, अल्कलिनिटी (ढोबळपणे पाण्यातलं बायकार्बोनेट, ज्याच्यामुळे चुना विरघळून राहतो), क्लोराइड आणि टीडीएस एवढंच मागा, पंचवीस टेस्टचं पॅकेज नको. अल्कलिनिटी हार्डनेसच्या बरोबरीची किंवा जास्त आली तर सगळा थर उकळणारा, गडचांदूरसारखा. हार्डनेस पुष्कळ जास्त आणि अल्कलिनिटी कमी, वर क्लोराइड अडीचशेच्या पुढे, तर खाडीचा हात आहे, मग सॉफ्टनरचा विचारच सोडा आणि टँकर कुठून भरून येतो ते सेक्रेटरीला विचारा. रिपोर्ट आला की चार आकडे इथे टाका आणि जुन्या कॉइलचा फोटो जमला तर तोही, मग काय घ्यायचं, काय नाही ते नक्की सांगतो. तोवर सेल्समनचा फोन उचलू नका.